दोन टोप्यांचा माणूस

मैत्री ढोकेने बापाशी आयुष्यात एकच लबाडी केली होती. पण ती अशी काही फोफावली, की शेवटी नागपुरात तिचा फ्लेक्स लागला.

झालं असं. तीन वर्षांपूर्वी ॲन आर्बरच्या विद्यापीठात तिला कलेच्या इतिहासात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. बाबांनी फोनवर विचारलं, विषय काय? विषय होता सतराव्या शतकातल्या डच चित्रांमधले दारूचे गुत्ते. पिंपं, पेले, चिलमी, बाकावर कलंडलेले शेतकरी आणि त्यांच्या नावाने बोटं मोडणाऱ्या बायका. आणि विचारणारा माणूस कोण, तर पुरुषोत्तम ढोके, वीज मंडळातले निवृत्त लाइनमन, वस्तीतल्या विहारात दर रविवारी पंचशील म्हणणारे. पाचवं शील, मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं, आलं की त्यांचा आवाज एक पट्टी चढायचा. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात मांडवामागे बाटली दिसली म्हणून ते भरल्या ताटावरून उठून आले होते. अशा माणसाला कोण सांगणार, की बाबा, तुमची लेक समुद्रापलीकडे दारुड्यांचा अभ्यास करायला चालली आहे?

मैत्री म्हणाली, "जुन्या हॉलंडमधल्या साध्या माणसांची चित्रं आहेत बाबा. घरगुती. शीलाचा उपदेश असतो त्यांत."

आता हे पूर्ण खोटं नव्हतं. असली चित्रं लोकांना ताळ्यावर आणायला काढली जात, असं बरेच विद्वान म्हणतातच. पण अर्धं खरं हे फार चिवट असतं. पूर्ण खोट्यासारखं चटकन उघडं पडत नाही. बाबांनी ते विहारात सांगितलं. विहारातल्यांनी ते मनावर घेतलं. आणि या वर्षी आंबेडकर जयंतीला चौकात फ्लेक्स लागला, त्यात तिचा बारावीतला फोटो आणि खाली ठळक अक्षरांत, 'युरोपातील शीलपर चित्रकलेच्या अभ्यासक'. आयुषने, तिच्या भावाने, त्याचा फोटो तिला पाठवला तेव्हा ती लायब्ररीत एका ओकणाऱ्या माणसाच्या चित्रावर टिपण लिहीत होती.

आणि ऑक्टोबरमध्ये बाबा स्वतः आले. आई आयुषच्या बाळासाठी मागे राहिली होती, म्हणून एकटेच. कानटोपी, दोन स्वेटर आणि तिच्या गाइडसाठी संत्रा बर्फीचे चार डबे.

पहिले आठ दिवस बरे गेले. बाबा पहाटे उठून वंदना म्हणत, मग मैत्रीबरोबर बसने विद्यापीठात येत, झाडांची लाल पानं बघत बाकावर बसून राहत. संध्याकाळी ते म्हणत, दाखव की तुझी चित्रं. ती लॅपटॉपवर निवडून निवडून दाखवी. एका चित्रात आई पोराच्या डोक्यातल्या उवा काढत होती. बाबा खूश झाले. "ही तर आपल्याच वस्तीतली बाई आहे," म्हणाले. तिची रूममेट हिमानी स्वयंपाकघरातून हे बघायची आणि मराठी-इंग्रजीत कळवळायची, की यार मैत्री, सांगून टाक ना एकदाचं. मैत्री म्हणे, सांगते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनात म्हणत तिने आणखी एक चित्र दाखवलं, दूध ओतणाऱ्या बाईचं.

मूठ उघडायची वेळ शनिवारी यायची होती. तासाभराच्या अंतरावरच्या एका संग्रहालयात डच चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं, आणि त्यातल्या एकेका चित्रावर विद्यार्थ्यांनी लोकांसमोर बोलायचं होतं. मैत्रीच्या वाट्याला तिचंच लाडकं चित्र आलं होतं, म्हणजे गुत्त्याचं. बाबांना त्या दिवशी मोठं तळं दाखवायला न्यायचं, असं तिने हिमानीकडून कबूल करून घेतलं होतं. पण गुरुवारी बर्फीचे डबे द्यायला बाबा गाइडच्या खोलीत गेले आणि सगळा बेत फसला. प्रोफेसर बूर्समा साठीच्या, उंच, मोजकं बोलणाऱ्या बाई. त्यांनी दोन्ही हातांनी डबे घेतले, एक वडी तिथेच खाल्ली आणि विचारलं, शनिवारी लेकीचं बोलणं ऐकायला येणार ना? बाबांना तेवढं इंग्रजी चांगलं समजत होतं. "यस मॅडम," ते म्हणाले, आणि मैत्रीच्या तोंडचं पाणी पळालं.

गाडीत ती सांगणार होती. हिमानी गाडी चालवत होती, बाबा पुढे बसले होते, निवृत्तीच्या समारंभासाठी शिवलेला कोट घालून. मैत्री मागून त्यांच्या मानेकडे बघत राहिली. ती मान ताठ होती, आणि अभिमानाने ताठ होती, हे तिला मागूनसुद्धा कळत होतं. आता सांगितलं तर ती मान तिच्या डोळ्यांदेखत वाकणार, एवढंच तिला सुचत होतं. टोलनाका गेला, पेट्रोल पंप गेला, संग्रहालयाचं पार्किंग आलं, तरी तिने तोंड उघडलं नाही.

चित्र जेमतेम हातभर रुंद होतं. लाकडी फळीवर रंगवलेलं, चित्रकार अज्ञात. काळोखी खोली, पिंपावर टाकलेली फळी आणि भोवती पाच जण. मधला माणूस मान मागे टाकून एका उंच पेल्यातून पितो आहे. त्या पेल्याला बाहेरून काचेच्या कड्या बसवलेल्या आहेत, खालपासून वरपर्यंत. एकच पेला सगळ्यांमध्ये फिरायचा. प्रत्येकाने एका दमात प्यायचं आणि बरोबर कडीवर थांबायचं. कडी चुकली, तर पुढच्या कडीपर्यंत पुन्हा प्यायचं. म्हणजे जो चुकला त्यालाच जास्त, आणि जास्त झाली की तो पुन्हा चुकणार. माणसाला बुडवायची अशी हिशेबी युक्ती दुसरी नसेल, असं मैत्रीला वाटे.

तिची अडचण होती ती पाचव्या माणसाची. बाकाच्या टोकाला काळी टोपी घालून बसलेला, दाराच्या उजेडाकडे बघणारा. तिने टिपणात त्याला 'रांगेतला पुढचा' म्हटलं होतं, आपली पाळी कधी येते याची वाट बघणारा हावरा. प्रोफेसर बूर्समांनी समासात पेन्सिलने लिहिलं होतं, पुढचा असेल तर त्याची नजर पेल्यावर का नाही? दोन आठवडे डोकं खाजवून मैत्रीने उत्तर लिहिलं होतं, 'अधीरता'. ते उत्तर तिला स्वतःलाही पटलं नव्हतं.

दहा वाजता वीसेक लोक खुर्च्यांवर बसले. बाबा पहिल्या रांगेत, हात गुडघ्यांवर. मैत्रीने सुरुवात केली. चित्रासमोर उभं राहून चित्र लपवता येत नाही. इंग्रजी शब्द तिने कितीही अवघड निवडले असते, तरी मागे पिंप होतं, पेला होता, भिंतीला टेकून झोपलेला एक जण होता. तिने एकदाच बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. मग तिने समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून उरलेलं सगळं म्हणून टाकलं. पेला, कड्या, उपदेश, पाचव्या माणसाची अधीरता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी काही विचारणार आहे का, असं प्रोफेसर बूर्समांनी विचारलं.

पहिल्या रांगेतला हात वर झाला. तो बाबांचा होता.

त्यांनी विचारलं ते मराठीत, आणि एवढंच, की चित्र जवळून पाहिलं तर चालेल का? पहारेकऱ्याने जमिनीवरची पट्टी दाखवली. बाबा पट्टीवर बूट बरोबर टेकवून उभे राहिले, हात पाठीशी बांधले आणि मीटर वाचायला वाकावं तसे वाकले. बराच वेळ ते तसेच राहिले. मैत्रीला वाटलं, आता हे सरळ होतील आणि म्हणतील, चल पोरी, सामान बांध.

"मैत्री, हा टोकाचा माणूस प्यायला आला नाही," बाबा म्हणाले. "हा न्यायला आला आहे."

प्रोफेसर बूर्समांनी मान पुढे केली. काय म्हणाले? मैत्रीने भाषांतर केलं. हे त्यांना कशावरून वाटलं, असं बाईंनी विचारलं, आणि त्या आवाजात थट्टा नव्हती, खरोखरची भूक होती.

"टोप्या मोज," बाबा म्हणाले.

मैत्रीने मोजल्या. दोन वर्षं ती हे चित्र भिंगातून बघत आली होती, पण टोप्या तिने कधी मोजल्या नव्हत्या. त्या काळात पुरुष घरातसुद्धा टोपी डोक्यावर ठेवत, हे तिनेच कितीदा लिहिलं होतं. सगळ्यांच्या डोक्यावर टोपी होती, फक्त पिणाऱ्याचं डोकं उघडं होतं. आणि टोकाच्या माणसाच्या मांडीवर एक काळा ढीग होता. तिने टिपणात लिहिलं होतं, 'घडी केलेलं वस्त्र, अस्ताव्यस्तपणाची खूण'. ते वस्त्र नव्हतं. त्याची कड गोल होती. डोक्यावर एक टोपी असताना तो माणूस मांडीवर दुसरी धरून बसला होता.

"पिणाऱ्याला टोपी कुठे ठेवली ते आठवत नसते," बाबा सांगत होते. "न्यायला आलेला ती आधी ताब्यात घेतो. आणि बसला कसा आहे, बघ. बाकावर अर्धाच. एक पाय दाराकडे. प्यायला बसलेला माणूस असा बसत नाही."

तिने हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतले दोघं उठून पुढे आले. एका म्हाताऱ्याने हसत विचारलं, तुमचे वडील गुत्त्यांचे अभ्यासक आहेत का? मैत्रीने घाईने सांगितलं, की ते वस्तीत व्यसनमुक्तीचं काम करतात, तीस वर्षं. तेवढं इंग्रजी बाबांना कळलं. त्यांनी मान हलवली.

"ते नंतरचं झालं. आधीचं सांग त्यांना. सांग, मी प्यायचो."

मैत्रीच्या हातातला कागद खाली आला. तिने मराठीत हळूच विचारलं, "कधी, बाबा?"

"तुझ्या जन्माच्या आधी. आईला माहीत आहे. आयुषला माहीत आहे. तूच तेवढी राहिलीस. जगन्नाथ यायचा मला न्यायला. चार महिने, रोज. गुत्तेवाला त्याला बसू द्यायचा नाही, तर एक ग्लास विकत घ्यायचा आणि भरलेला तसाच समोर ठेवायचा. माझ्या चपला मांडीखाली घेऊन बसायचा. मी त्याला आईवरून शिव्या द्यायचो, आणि तो दाराकडे पाहत राहायचा, असाच." त्यांनी चित्राकडे बोट केलं. "सांग त्यांना, लपवू नको. मी इतक्या दूर आलो आणि हा माणूस मला इथे भेटला."

मैत्रीने सांगितलं. 'माझे वडील दारू प्यायचे', हे वाक्य इंग्रजीत फारच लहान आणि सोपं होतं, आणि तरी ते तिला दोन वेळा सुरू करावं लागलं. दुसऱ्या वेळी ती थांबली नाही. चपलांचंही तिने सांगितलं, न प्यालेल्या ग्लासाचंही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिला आश्चर्य एवढ्याचंच वाटलं, की तिला लाज वाटत नव्हती. उलट, असा बाप आपल्याला मिळाला, आणि त्या बापाला कुणीतरी उचलून आपल्यासाठी आणून ठेवलं, याने तिचा ऊर भरून आला होता.

बाबा चित्रासमोर सरळ उभे राहिले, कोट नीट केला आणि टोकाच्या माणसाला हात जोडले. "जय भीम, दादा," ते म्हणाले. पहारेकऱ्याने दुसरीकडे पाहिलं.

लोक पांगल्यावर प्रोफेसर बूर्समा आल्या. नुसत्या टोपीवरून एवढं म्हणता येईल का, ते आपल्याला तपासावं लागेल, त्या म्हणाल्या. इतर चित्रं बघावी लागतील. पण त्यांनी बाबांचं पूर्ण नाव वहीत लिहून घेतलं, प्रत्येक अक्षर विचारून. मग सांगितलं, की त्यांच्या आजोळी मिशिगनच्या पश्चिम किनाऱ्यावर सगळी डच माणसं कट्टर चर्चवाली, घरात कुणी थेंबाला शिवत नसे, आणि आजोबांचं नाव मात्र कुणी काढत नसे. आजोबांना न्यायला कुणी गेलं नसावं, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला.

परत निघाल्यावरही हिमानीच गाडी चालवत होती. मैत्री या वेळी पुढे सरकून बाबांच्या सीटला हात लावून बसली होती.

"बाबा, मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"हाव. आणि फ्लेक्स मी लावला." ते खिडकीबाहेर बघत होते. "तू तीन वर्षं लपवलं, मी तुझं अख्खं वय. कोण कोणाला बोलणार? आणि तू अभ्यास करून राहिली ते चांगलंच आहे. लोक म्हणतात, दारुडा बिघडलेला असतो. तसं नसते. गुत्त्यात सगळ्यांचा ग्लास एकच होता. बामणाचा पोरगा यायचा, तेल्याचा यायचा, कुणी कुणाची जात विचारत नव्हतं. दिवसभर लोकांच्या दारातल्या खांबावर चढायचो, पण प्यायला पाणी मागितलं तर ते वरून ओंजळीत टाकायचे. संध्याकाळी तिथे कुणी दूर सरक म्हणत नव्हतं. त्या एका तासाची नशा जास्त होती. ते कुणीतरी लिहायला पाहिजे."

हे मैत्रीने वहीत लिहून ठेवलं नाही. ते विसरणं शक्यच नव्हतं. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

जगन्नाथ. म्हणजे जगन्नाथ काका. एसटीत कंडक्टर होते ते. तिच्या लहानपणी ते रोज संध्याकाळी घरी यायचे. न बोलावता यायचे, दाराजवळच्या खुर्चीत बसायचे, घरातल्या सगळ्यात मोठ्या कपात चहा घ्यायचे आणि जवळजवळ काहीही न बोलता जायचे. दोन खोल्यांचं घर, तिचं दहावीचं वर्ष, आणि हा माणूस रोज बरोबर तिच्या अभ्यासाच्या वेळी येऊन बसणार. ती आईजवळ चिडचिड करायची, की यांना दुसरं घर नाही का? एकदा तर त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली होती. आईने तिला आयुष्यात एकदाच चापट मारली, ती त्या दिवशी. का, ते आईने सांगितलं नव्हतं.

"काका किती वाजता यायचे, बाबा?"

"सात. गुत्ता सातला भरायचा." बाबा म्हणाले. "दारू सुटल्यावरही माणसाला ती वेळ खाते. मी म्हटलं नाही त्याला, ये म्हणून. तोच यायचा. सोळा वर्षं आला, गुडघे गेले तोवर."

"तुम्ही त्यांचे आभार मानलेत कधी?"

"आभार मानले असते तर त्याने मला चपलेने हाणलं असतं."

मैत्रीने हिमानीला गाडी थांबवायला सांगितली. एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये लख्ख ऊन पडलं होतं, लोक ट्रॉल्या ढकलत भोपळे घेऊन चालले होते. नागपुरात रात्रीचे नऊ वाजून गेले असतील. बाबांच्या फोनमध्ये नंबर होता. तिने तो लावला, स्पीकर सुरू केला. बऱ्याच घंट्या वाजल्यावर कुणीतरी मोठ्याने हॅलो म्हटलं, ऐकू कमी येणारी माणसं म्हणतात तसं.

"काका, मी मैत्री. पुरुषोत्तमची मुलगी. अमेरिकेतून."

पलीकडे कुणीतरी टीव्ही बंद केला.

"काका, तुम्ही आमच्याकडे रोज सातला का यायचात, ते मला आज कळलं." तिने पुढची वाक्यं जुळवून ठेवली होती, आभाराची, माफीची, दहावीच्या वर्षाची. त्यातलं एकही आता सापडेना. "मला माहीतच नव्हतं, काका. तुमच्यामुळे आम्ही आहोत. मी तुम्हाला फार वाईट बोलले होते."

त्यांना ऐकू गेलं की नाही, ते कळेना. मग तो जाड, कोरडा आवाज आला, ज्याचा तिला कधीकाळी राग यायचा.

"बाप कुठे आहे तुझा?"

"इथेच आहेत. माझ्यासमोर."

"दे त्याला."

बाबांनी फोन तोंडाजवळ धरला. "बोल, दादा."

"पुरुषोत्तम, तिथे सात वाजता कोण असते रे तुझ्याजवळ?"

बाबांनी मैत्रीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"पोरगी असते," ते म्हणाले.

"मग ठीक आहे," जगन्नाथ काका म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवून दिला.